विहिरीवरची शेवंताबाई

चारुलता मॅडमना मध्य प्रदेशातल्या बालाघाटात दोन प्रकारची माणसं ओळखतात. एक, ज्यांना त्यांनी शिकवलं, आणि दुसरी, ज्यांच्याशी त्या भांडल्या. पुष्कळदा माणूस एकच असतो. वडील वनखात्यात होते, म्हणून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी अशा दोन जिभा त्यांना लहानपणापासून. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारायला आलेल्या पाहुण्याला त्यांच्याकडे चहा मिळत नसे, त्यामुळे हळूहळू विचारणारेच थांबले. आई होती तोवर आईचं केलं, आणि पुढे घर, दोन कुंड्या आणि कॉलेज एवढाच संसार उरला.

कॉलेजात त्या चित्रकला शिकवत. स्टिल लाइफ, हातांची रेखाटनं, वैनगंगेच्या काठावर बसून निसर्गचित्र, असं बरं चाललं होतं. मग वरून नवा विषय आला, डिजिटल माध्यमं आणि कलानिर्मिती. नाव ऐकूनच बाकीच्यांनी अंग काढून घेतलं. एकाला गुडघे आठवले, एकाला मुलीचं लग्न. चारुलता मॅडम पन्नाशीच्या होत्या आणि त्यांना मोबाईलवर वीजबिल भरतानासुद्धा घाम यायचा, तरी हात वर केला तो त्यांनीच. सहा महिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्यांनी या विषयातला सिद्धांत वाचला, परदेशी मास्तरांची व्याख्यानं ऐकली, समजलं नाही ते पुन्हा ऐकलं. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. निम्मी यंत्रं कापडाखाली झोपलेली. मॅडम म्हणाल्या, लॅब गेली खड्ड्यात, पोरांच्या खिशात फोन आहेत ना.

आणि शिकवायच्या कशा, तर खरंच शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी पोरांना आपापल्या फोनमधला सगळ्यात जुना ‘गुड मॉर्निंग’चा गुलाब शोधायला लावला. हा गुलाब कुणी काढला? कुणालाच ठाऊक नाही. किती लोकांकडून फिरत तुझ्याकडे आला? मोजदाद नाही. मागच्या बाकावरच्या राहुलनं विचारलं, ‘‘तो मॅडम, इसका ओरिजिनल कहाँ है?’’ मॅडमचा चेहरा असा फुलला, जणू तो प्रश्न यावा म्हणूनच त्या सहा महिने जागल्या होत्या.

‘‘कुठेच नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कागदाची झेरॉक्स काढली की फिकी पडते. झेरॉक्सची झेरॉक्स आणखी फिकी. इथे तसं नाही. इथे नक्कल फिकी पडत नाही, म्हणून अस्सल जपून ठेवायची गरजच उरत नाही.’’

पोरांनी वाक्य लिहून घेतलं. मॅडमनाही ते फार आवडलं. मास्तर लोकांचं असंच असतं, एखादं वाक्य जमलं की ते कडेवर घेऊन गावभर फिरतात. मॅडमनी ते तीनही वर्गांत सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं, भाजीवालीला तेवढं सांगायचं राहिलं.

त्या वर्गात श्रुतिका नावाची एक अबोल मुलगी होती. राजेगावजवळच्या एका खेड्यातून रोज बसनं यायची. तास संपल्यावर ती दारापाशी घुटमळली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, माह्या आज्याचे नाटकाचे पडदे आहेत घरी. कसर लागून राह्यली त्यायले. त्यायची अशी नक्कल काढता येईन का?’’

श्रुतिकाचा आजा म्हणजे प्रेमलाल. त्या पट्ट्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, लेकी-जावई, आणि रात्रभर नाटक. नाटकात नटांच्या मागे रंगवलेले मोठे पडदे सुटत. महाल, जंगल, गावची गल्ली, बाग आणि विहीर. लांजीपासून खैरलांजीपर्यंतच्या मंडयांत हे पडदे एकेकाळी प्रेमलालच्या हातचे असत. आता गोंदियाहून एलईडी पडदा भाड्यानं येतो, बटण दाबलं की महाल. प्रेमलालचे पडदे गुंडाळी होऊन माळ्यावर पडले होते आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं. काळ बदलतो, बैलगाडी गेली तसे पडदे गेले, असं तो म्हणायचा.

फक्त एका पडद्याचं तसं नव्हतं. विहिरीच्या पडद्यावर एक बाई पाणी शेंदताना रंगवलेली होती. दोर धरून ती मागं वळून बघते. ती प्रेमलालची बायको, शेवंताबाई. मुलगा हेमराज अंगावर पीत होता तेव्हा ती तापानं गेली. तिचा फोटो म्हणून कधी काढलाच नव्हता. कोण काढणार होतं, आणि कशासाठी? वर्षश्राद्ध झाल्यावर प्रेमलालनं तिला विहिरीवर उभी केली. सगळ्या गावाला ते माहीत होतं. गावात त्याला विहिरीचा पडदा कुणी म्हणतच नसे, शेवंताचा पडदा म्हणत. नाटकात नायिका त्याच्यापुढं उभी राहून गळा काढायची आणि म्हाताऱ्या बाया तिच्या खांद्यावरून मागं बघत म्हणायच्या, ‘‘पाह्य, कशी पाह्यते.’’ प्रेमलालनं दुसरं लग्न केलं नाही. दर दिवाळीला तो पडदा उलगडायचा, मऊ फडक्यानं टिपायचा आणि परत गुंडाळायचा.

दसऱ्याच्या सुमाराला मॅडम सगळा वर्ग घेऊन त्या गावी गेल्या. पोरांनी शाळेच्या मैदानात दोन झाडांना दोर बांधून एकेक पडदा टांगला. मॅडम ओरडत होत्या, ‘‘पूर्ण घ्या, चारही कोपरे आले पाहिजेत, नाहीतर मार्क कापीन.’’ वीस हाती पडदा, तो फोनमध्ये मावायचा तर पोरांना मागं मागं सरकत पार कुंपणाला टेकावं लागलं. शेवंताबाईचा पडदा सुटला तेव्हा मॅडम पुढं गेल्या. दोन हात उंचीची ती बाई, तळहाताएवढं तोंड. एक भुवई जराशी वर. एवढं प्रेम कुणी कुणावर करतं, हे त्यांनी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.

प्रेमलाल त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला. ‘‘मॅडम, कपडा फाटला तं फोटो बी फाटन का?’’

मॅडमना हसू आलं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. ‘‘नाही काकाजी. पडदा राहो न राहो, ही आता कुठंच जात नाही.’’

खोटं बोलायचं म्हणून नाही बोलल्या हो. मायेनं बोलल्या, आणि सिद्धांतही तेच सांगत होता. पोरांनी फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, मॅडमनी त्यावर टाळ्यांचे हात टाकले, शेवंताबाईच्या चुलीवरचं म्हणून सुनेनं वाढलेलं जेवण जेवून सगळे परत आले. ठरलं असं की मंडईत या वर्षी हेच पडदे एलईडीवर लावायचे. कॉलेजची कला गावात, गावची कला पडद्यावर. प्राचार्यांनी बातमी द्यायला वार्ताहरसुद्धा सांगून ठेवला.

मग दिवाळीची सुटी लागली, आणि कापलेलं धान शेतात पसरलेलं असताना आभाळ भरून आलं. नको तेव्हा येणारा पाऊस कसा येतो ते धान पिकवणाऱ्याला विचारा. सगळं गाव शेताकडं धावलं. धानाच्या पेंढ्यांची पुंजणी रचली, ताडपत्र्या टाकल्या, ताडपत्र्या कमी पडल्या. हेमराज घरी आला आणि माळ्याकडं बघत उभा राहिला. मागायची त्याची हिंमत होईना. प्रेमलालच म्हणाला, ने. महाल पुंजण्यावर गेला, जंगल गेलं, गल्ली गेली, बाग गेली, तरी एक पुंजणं उघडंच होतं.

प्रेमलाल स्वतः शिडी चढला. शेवंताबाईची गुंडाळी त्यानं स्वतःच्या हातानं खाली दिली.

‘‘बाबा, हे राहू द्या,’’ हेमराज म्हणाला.

‘‘काहून? फोटो आहे ना तिचा आता. मॅडमनं सांगतलं, थे कुठं जात नाही. धान भिजलं तं खाऊ काय?’’

त्या काळचे रंग म्हणजे भुकटी, सरसात कालवून कापडाला लावलेली. पाण्यानं सुटणारच. ते प्रेमलालला ठाऊक नव्हतं का? त्यानंच तर कालवले होते. त्याला ठाऊक होतं आणि तरी त्यानं दिला, कारण शिकलेल्या बाईनं हात धरून शब्द दिला होता. धान वाचलं. सकाळी पडदा काढला तेव्हा त्यावर मातकट डागांपलीकडं काही नव्हतं. पेंढ्यांवर निळे-पिवळे ओघळ गेले होते, ते मळणीत निघून गेले.

सुटीनंतर श्रुतिकानं हे मॅडमना सांगितलं, आणि अगदी सहज सांगितलं, जुनं पोतं फाटल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, ‘‘असू दे. फोटो आहेत आपल्याकडे.’’ त्यांचा स्वतःचासुद्धा विश्वास होता.

मंडईच्या रात्री सगळं गाव एलईडीपुढं दाटलं. श्रुतिकानं आज्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं, अंगावर नवा गमछा. लॅपटॉपवर राहुल होता. महाल आला तशी लोकांनी शिट्या मारल्या. जंगल आलं, तेही झकास. मग विहीर आली. लांबून बरी दिसत होती. बाया म्हणाल्या, शेवंता आली. राहुल पोरगा मनाचा चांगला, त्याला वाटलं आज्याला जवळून दाखवू, म्हणून त्यानं चित्र मोठं केलं. विहीर सरकून बाहेर गेली, दोर गेला, आणि सगळ्या पडद्यावर उरले काही तपकिरी आणि पिवळे चौकोन. चेहऱ्याच्या जागी फरशी बसवल्यासारखे. राहुलनं अजून मोठं केलं, तसे चौकोन मोठे झाले. मागं कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं.

प्रेमलाल उठला. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्यानं एका चौकोनावर हात ठेवला. मग वळून नातीला विचारलं, ‘‘अन् शेवंता कुठं आहे, माय?’’

श्रुतिका म्हणाली, ‘‘आजा, हेच आहे थे.’’ आणि तिला रडू फुटलं.

मॅडमनी त्याच रात्री एकेकाचा फोन तपासला. व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो दाबून लहान होतो, आणि ग्रुपवर गेलाय म्हटल्यावर सगळ्यांनी फोनमधले मूळ फोटो पुसून टाकले होते. दिवाळीचे फोटो काढायला जागा नको का? मॅडमच शिकवत होत्या की अस्सल जपायची गरज नाही. आणि मूळ फोटो असते तरी फार काही हाती लागलं नसतं, कारण चारही कोपरे पकडायच्या नादात तोंड नखाएवढं आलं होतं. जवळ जाऊन त्या तोंडाचा फोटो काढावा हे वीस पोरांपैकी कुणाला सुचलं नाही, आणि मॅडमनाही नाही. पाठवताना चित्र कसं दाबलं जातं, काय काय गळतं, हा धडा अभ्यासक्रमात होता. तो दिवाळीनंतर घ्यायचा होता. आता यावर काय बोलायचं? नशीब म्हणावं तर नशिबाचा अपमान.

मॅडम आठवडाभर नीट जेवल्या नाहीत. तेवढ्यात राहुल धावत आला, फोन नाचवत. ‘‘मॅडम, हो गया. फोटो साफ करनेवाला ॲप है, देखिए.’’ त्या चौकोनांतून ॲपनं एक चेहरा काढला होता. टपोरे डोळे, कोरलेल्या सारख्या भुवया, उजळ कांती, ओठांवर थोडं हसू. कुणालाही आवडेल असा चेहरा. फक्त तो कुणाचाच नव्हता.

‘‘राहुल, हे त्या यंत्रानं हजारो बायांवरून अंदाजानं रचलंय,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘ही शेवंताबाई नाही. कुणाला दाखवू नकोस.’’

पण राहुलनं ते आधीच श्रुतिकाला पाठवलं होतं, आणि श्रुतिकानं बापाला. मॅडम गावी पोचल्या तोवर हेमराजनं बालाघाटच्या एका स्टुडिओतून मोठा फोटो करून, फ्रेम घालून, हार चढवून भिंतीवर लावलासुद्धा होता. बापाच्या खाटेच्या बरोब्बर समोर. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, फोटोकडं बघून लहान पोरासारखा रडत होता.

‘‘हेमराजभाऊ, ही तुमची आई नाही हो,’’ मॅडमनी सांगायचा प्रयत्न केला.

हेमराजनं डोळे पुसले. ‘‘मॅडम, मी तिले पाह्यलंच नाही. पडद्यावरची तुमच्या भरवशावर गेली. आता हे बी नेता का?’’

भांडकुदळ म्हणून ख्याती असलेली बाई त्या दिवशी न भांडता बाहेर आली. अंगणात प्रेमलाल बिडी न पेटवता नुसती हातात धरून बसला होता. मॅडम त्याच्याजवळ बसल्या. तो हळूच म्हणाला, ‘‘नोहे थे. तिची एक भुवई वर होती. पन राहू द्या. पोराले माय भेटली.’’

हे ऐकून मॅडमच्या मनात एकच गोष्ट पेटली. पडदा गेला, फोटो गेला, पण माणूस आहे. या माणसाला भुवईसुद्धा आठवते. त्याच्याकडून शेवंताबाई पुन्हा रंगवून घ्यायची, आणि लवकर घ्यायची. त्यांनी तिथंच विचारलं. प्रेमलाल म्हणाला, काढीन की. पण आधी धान विकायचं होतं. मग त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिना दीड महिना डोळ्यांना जपायचं होतं. मग थंडीनं हात धरले, मग घरात लग्न निघालं. मॅडम फोन करत, काकाजी कधी येता? तो म्हणे, येतो, येतो. आणि रोज सकाळी नव्या स्वच्छ डोळ्यांनी जाग आली की समोर ती फ्रेम.

होळी झाल्यावर एकदाचा तो हेमराजसोबत बसनं बालाघाटला आला. मॅडमनी वर्गात कापड ताणून ठेवलं होतं. सरस आणला, भुकटीचे रंग कुठून कुठून शोधून आणले. पोरांना सांगितलं, फोन पिशवीत ठेवा, आज नुसतं बघायचं. हेमराज चहाला म्हणून बाहेर गेला.

प्रेमलालनं सरस कालवला, बोटावर घेऊन पाहिला आणि ब्रश उचलला. आधी विहीर आली. रहाट आला. दोर तर एका झटक्यात आला, पोरांनी श्वास सोडला. घागर आली, पातळाचा काठ आला, खांद्याचा बाक आला. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, येतेय, बाई येतेय. मग त्यानं चेहरा सुरू केला.

तो बराच वेळ रंगवत होता. मग थांबला, मागं सरकून त्यानं पाहिलं, आणि ओल्या फडक्यानं चेहरा पुसला. पुन्हा काढला. पुन्हा पुसला. मॅडम आता जवळ जाऊन उभ्या होत्या आणि त्यांना दिसत होतं. टपोरे डोळे. दोन्ही भुवया सारख्या.

‘‘काकाजी, भुवई,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘एक वर होती ना?’’

‘‘हौ. कोनती, थे आठवून राह्यलो.’’ त्यानं उजवी वर केली. मग डावी. दोन्ही पुसल्या, आणि पुन्हा निघाल्या त्या सारख्याच. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला.

‘‘घाई नाही. डोळे मिटा आणि आठवा.’’

‘‘मिटून पाह्यलं, मॅडम. तेथं बी हेच भिंतीवरची येऊन बसली आहे.’’ मग वर्गातल्या कुणाकडंही न बघता तो म्हणाला, ‘‘इतके साल होती. पडदा गेला तवा बी होती. आता नाही येत.’’

तेवढ्यात हेमराज चहा घेऊन आत आला. त्यानं कापडाकडं पाहिलं आणि त्याचं तोंड उजळलं. ‘‘अगदी बरोब्बर जमली, बाबा. घरच्या फोटोसारखीच.’’

प्रेमलालनं पोराकडं पाहिलं. ‘‘हौ,’’ तो म्हणाला, आणि ब्रश धुवायला पाणी मागितलं.

चारुलता मॅडम वर्गासमोर कधी रडल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या रडल्या, आणि आज नुसतं बघायचं असं सांगितलेल्या पोरांपैकी कुणी मान खाली घातली नाही.